छाटणी झाडाची, बिऱ्हाडं पाखरांची : वाचकांचे प्रश्न

मार्च उलटला की सोलापुरात फांद्या छाटायची घाई सुरू होते आणि त्याच सुमारास या सदराकडे येणारी पत्रंही वाढतात. यंदाच्या पत्रांपैकी बहुतेक एकाच पेचाबद्दल आहेत: फांदी धोक्याची आहे, पण तिच्यावर घरटं आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. पत्रलेखकांची नावं दिलेली नाहीत.

आमच्या आवारात दोन जुने कडुनिंब आणि फाटकाशी एक मोठा रेन ट्री आहे. वळवाच्या वाऱ्यात फांद्या पडतात म्हणून दरवर्षी मे महिन्यात छाटणी करून घेतो. यंदा एका सभासदाने घरट्यांचा मुद्दा काढून काम थांबवलं. मग छाटायचं तरी कधी?
(गृहनिर्माण संस्थेचे सचिव, विजापूर रोड)

दिवाळी झाली की सुरू करा आणि संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेच्या आत उरका. नोव्हेंबर ते जानेवारीचा पहिला पंधरवडा हा आपल्याकडचा सगळ्यात मोकळा काळ. पावसाळ्यात वीण करणारे बगळे आणि सुगरणी तोवर आटोपलेल्या असतात, उन्हाळी पाखरं अजून सुरू झालेली नसतात. हा काळ अगदी रिकामा मात्र नसतो. घार डिसेंबर-जानेवारीतच काड्या ओढायला लागते आणि होल्याला तर महिन्याचं बंधन नाहीच. त्यामुळे तपासणी तेव्हाही करायची, पण काम अडायची शक्यता सगळ्यात कमी.

मे महिना नेमका उलटा. पोपट, तांबट, पिंगळा यांची वीण जानेवारी-फेब्रुवारीपासून चालू झालेली असते आणि त्यांची उशिराची पिल्लं अजून ढोलीत असू शकतात. साळुंकी, बुलबुल, शिंपी, दयाळ ऐन भरात असतात. कावळा एप्रिल ते जून घरट्यावर बसतो, आणि त्याच्याच घरट्यात कोकिळेची अंडीही असू शकतात. कोतवाल आणि हळद्या यांचीही सुरुवात याच सुमाराची. मेमध्ये मोठ्या कडुनिंबावर एकही घरटं नाही असं कुणी सांगितलं, तर त्याने वर पाहिलेलं नाही असं समजा.

आता तुमच्या ‘दरवर्षी’बद्दल. रेन ट्रीचे शेंडे दरवर्षी सपाट उडवले, की कापलेल्या टोकाशी जोमदार फुटव्यांचा झुबका येतो. हे फुटवे सालीलगतच्या थरातून निघतात, मूळ फांदीच्या लाकडात त्यांची पकड नसते. पावसात पानांनी जड झाले की पुढच्या वळवाला तेच कोसळतात. म्हणजे छाटणीच पुढच्या वर्षीची छाटणी ओढवून आणते. दोन-तीन वर्षांतून एकदा, एकूण पालवीच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त न काढता आणि शेंडे न उडवता विरळणी केली, तर दरसालचा खर्चही वाचेल. शिवाय ४२ अंशांच्या उन्हात अचानक उघडी पडलेली साल भाजते, तडकते आणि तिथून कीड शिरते.

यंदा मे महिन्यातच काही करायचं असेल, तर फक्त वाळलेली, चिरलेली किंवा लोंबणारी फांदी, आणि तीही एकेक तपासून. बाकीचं नोव्हेंबरवर ढकला.

परवानगीचं लगेच सांगून ठेवतो. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ मध्ये झाड पाडण्याच्या व्याख्येत झाडाला इजा करणंही येतं. म्हणून मोठ्या छाटणीआधी महापालिकेच्या उद्यान विभागाकडे लेखी अर्ज द्या. तोंडी होकार कामाचा नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरची झाडं वारसा वृक्ष म्हणून वेगळी धरली जातात, त्यामुळे तुमच्या कडुनिंबांचं अंदाजे वय अर्जात लिहा. पण ही परवानगी फक्त झाडापुरती आहे, घरट्याची नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्यांची व सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी फोडणं आणि अंड्यांना किंवा घरट्याला बाधा आणणं धरलेलं आहे. ‘आमच्याकडे महापालिकेचा कागद आहे’ हे तिथे उत्तर होत नाही.

घरटी आहेत की नाहीत हे खालून कळतं का? आमचा छाटणीवाला झाडावर चढून दोन फांद्या हलवतो आणि ‘काही नाही’ म्हणतो.
(वाचक, जुळे सोलापूर)

फांद्या हलवणं ही तपासणी नव्हे. अंड्यावर बसलेलं पाखरू अशा वेळी उडत नाही, उलट दबून बसतं. आणि काही उडालंच, तर अंडी तेवढा वेळ उघडी.

खरी तपासणी जमिनीवरून होते आणि तिला काम सुरू व्हायच्या आदल्या दोन दिवसांत दोन सकाळी लागतात. सूर्योदयापासून दीड-दोन तास झाडापासून पंधरा-वीस पावलांवर, शक्यतो भिंतीच्या किंवा गाडीच्या आडोशाला बसा. झाडाकडे टक लावून पाहण्यापेक्षा येणाऱ्या-जाणाऱ्या पाखरांवर लक्ष ठेवा. चोचीत काडी, सुतळी, कापूस असेल तर घरटं बांधणं चालू आहे. चोचीत अळी किंवा किडा घेऊन तेच पाखरू पुन्हा पुन्हा एकाच फांदीत शिरत असेल, तर पिल्लं आहेत. बाहेर पडताना चोचीत पांढरी गोळी दिसली, तर ती पिल्लांची विष्ठा. मग शंकाच नको. तुम्ही जवळ गेल्यावर कोतवाल किंवा कावळा डोक्यावर झेपावला, तर पुढची तपासणी करायची गरजच उरली नाही.

मग झाडाखाली फिरा. एकाच जागी पानांवर आणि फरशीवर पांढरे शिंतोडे असतील, तर त्याच्या थेट वर पाहा. बुंध्याशी ताजा भुसा किंवा लाकडाचे कपचे म्हणजे तांबटाने वर भोक पाडलेलं आहे. किड्यांच्या कवचांचे नाहीतर केसाहाडांचे गोळे पडलेले असतील, तर पिंगळा किंवा गव्हाणी घुबड. ढोलीच्या कडा गुळगुळीत, तेलकट झालेल्या असतील, तर आत ये-जा आहे; खाली उग्र वास आणि उंदराच्या लेंड्यांसारखे दाणे असतील, तर वाघळं.

शिंपी आणि सूर्यपक्षी हे दोघे हमखास नजरेतून सुटतात. शिंप्याचं घरटं रुंद पानं शिवून केलेलं असतं, बहुधा माणसाच्या उंचीच्या आतच. सूर्यपक्ष्याचं लोंबतं घरटं कोळ्याच्या जाळ्याने गुंडाळलेलं, वर सालीचे तुकडे आणि कचरा चिकटवलेलं असतं. केरकचरा अडकलाय असं वाटून ते पहिल्याच झटक्यात काढून टाकलं जातं. खालच्या बारीक फांद्यांमधला असा प्रत्येक ‘कचरा’ आधी नीट पाहा.

उंचावरच्या उघड्या घरट्यात काय आहे हे पाहायला लांब काठीला मोबाइल बांधून दहा-पंधरा सेकंदांचं चित्रण पुरतं. ढोलीसाठी मोबाइलला जोडायचा वायरवाला कॅमेरा बाजारात मिळतो. तो हळू आत सोडायचा. आत डोळे चमकले की लगेच बाहेर. काठी घालून ढवळायचं नाही, खोड ठोकायचं नाही. हे सगळं सकाळी किंवा ऊन उतरल्यावर करा. भर दुपारी पाखरू उठवलं, तर सोलापूरच्या उन्हात अंडं तापून आतला जीव जायला फार वेळ लागत नाही. ड्रोन घारीच्या जवळ नेऊ नका: घार त्याच्यावर धावून जाते, त्यात ड्रोनही जातो आणि घारही जखमी होते.

घरटं असलेली फांदी ठेवून बाकीच्या छाटल्या तर चालतं ना?
(वाचक, होटगी रोड)

याच समजुतीने सगळ्यात जास्त पिल्लं जातात. फांदी राहते, घरटंही राहतं, पण त्याच्यावरची सावली जाते. एप्रिल-मेमध्ये दुपारी बारा ते चार थेट ऊन लागलं, तर पिसं न फुटलेली पिल्लं संध्याकाळपर्यंतही टिकत नाहीत. आई पंख पसरून सावली धरते, पण मग चारा आणायला कुणी उरत नाही. दुसरं संकट आडोशाचं: पानांआडचं घरटं उघडं पडलं, की कावळा आणि शिक्रा यांना ते दोन दिवसांत सापडतं. तिसरं, आई-बाप ज्या फांदीवर आधी उतरून अंदाज घेतात आणि मग घरट्यात जातात, ती फांदी गेली तर ते बराच वेळ घिरट्या घालत राहतात.

म्हणून मोजमाप असं ठेवा. बुलबुल, होला, शिंपी, सूर्यपक्षी, कोतवाल असेल तर घरट्याच्या चहूबाजूंनी तीन मीटरपर्यंत एकही फांदी कापायची नाही, आणि वरची व पश्चिमेची पालवी तीन मीटरच्या बाहेर असली तरी तिला हात लावायचा नाही, कारण दुपारचं ऊन तिकडून येतं. कावळा किंवा साळुंकी असेल तर पाच मीटर. घार, घुबड, पिंगळा किंवा कुदळ्या (लांब वाकड्या चोचीचा आयबिस) असेल, तर त्या झाडाचं काम पूर्ण बंद. शेजारच्या झाडावरही चेनसॉ नको, हातकरवतीने काय जमेल तेवढंच. हे आकडे कायद्यातले नाहीत, कामातून ठरलेला ठोकताळा आहे. ओळखीबद्दल शंका असेल तर मोठा आकडा धरा.

थांबायचं किती? पहिलं अंडं ते पिल्लू उडणं असा हिशेब केला, तर बुलबुल, शिंपी, होला, सूर्यपक्षी यांना साधारण चार आठवडे, साळुंकीला सहा, कावळ्याला सहा ते सात, तांबटाला सात, पिंगळ्याला आठ ते नऊ, पोपटाला नऊ ते दहा आणि घारीला अकरा-बारा आठवडे. पिल्लं आधीच दिसत असतील तर बुलबुलासारख्या लहान पाखरांचा साधारण निम्माच काळ उरलेला असतो. बुलबुलासाठी दोन आठवडे थांबायला लागलं म्हणून कुणाचं काही अडत नाही. घारीचे तीन महिने खरोखर गैरसोयीचे असतात, त्यात दुमत नाही. म्हणूनच तिच्या झाडाचं काम डिसेंबरच्या आत करावं.

पिल्लं उडाल्यावरही एक आठवडा जाऊ द्या. बुलबुल, साळुंकी यांची पिल्लं पहिले काही दिवस त्याच झाडाच्या खालच्या फांद्यांवर बसून आई-बापांकडून खात असतात.

गाड्यांच्या जागेवर गुलमोहराची वाळलेली जाड फांदी आहे, तिला दोन भोकं आहेत. एकात तांबट जातो. फांदी कधीही पडेल अशी आहे. थांबणं शक्य नाही.
(वाचक, रेल्वे लाईन्स)

आधी खालची जागा रिकामी करा. धोका फांदीत कमी आणि तिच्याखाली उभ्या गाडीत जास्त असतो. सात आठवडे चार गाड्या दुसरीकडे लावणं जमत असेल, तर दोरी बांधून जागा बंद करा, पाटी लावा; प्रश्न तिथेच मिटला. फांदीचं टोक वाळलेलं आणि भोक बुंध्याकडच्या बाजूला असेल, तर भोकापासून दीड-दोन मीटर सोडून फक्त टोक उतरवता येतं. भार गेला की उरलेला ठोंब सहसा हंगाम काढतो. तो ठोंब तसाच कायम ठेवायला हरकत नाही. तांबट स्वतः मऊ, मेलेल्या लाकडातच कोरतो. शहरातली अशी प्रत्येक फांदी आपण ‘स्वच्छ’ केली, तर त्याला कोरायला जागा उरत नाही, आणि त्याची जुनी भोकं वापरणाऱ्या इतर पाखरांनाही नाही.

यातलं काहीच शक्य नसेल आणि फांदी खरोखर सुटत चालली असेल, तर आधी वनविभागाला कळवा. ‘हॅलो फॉरेस्ट’ची १९२६ ही मोफत सेवा त्यासाठी आहे. त्यांची परवानगी आणि शक्यतो त्यांचा माणूस हजर असताना ढोलीचा तुकडा अखंड उतरवायचा. तो असा.

तांबट, पोपट यांची कोठी भोकापासून खाली जाते, वर नाही. म्हणून भोकाच्या वर अर्धा मीटर आणि खाली किमान एक मीटर सोडून काप घ्यायचा. कोठी किती खोल आहे ते वायरच्या कॅमेऱ्याने आधीच पाहिलेलं बरं. चेनसॉ कोठीवर गेली तर पुढे बोलण्यासारखं काही उरत नाही. तुकडा कापण्याआधी त्याला दोन ठिकाणी दोर बांधून वरच्या भक्कम बेचक्यातून फिरवून घ्या. पंचवीस सेंटिमीटर जाडीचा, एक मीटर लांबीचा ओला तुकडा जवळजवळ पन्नास किलो भरतो; वाळलेला हलका असतो, पण हाताने धरून ठेवण्याजोगा नाहीच. शेवटच्या क्षणी भोकात सुती कापडाचा सैल बोळा बसवा, म्हणजे पिल्लू बाहेर पडणार नाही. तुकडा ज्या कलाने झाडावर होता त्याच कलाने हळूहळू उतरवा. मग त्याच झाडावर, जमेल तितक्या जवळ आणि तितक्याच उंचीवर, भोकाचं तोंड त्याच दिशेला ठेवून दोन पट्ट्यांनी घट्ट बांधा. खिळे नकोत. बोळा काढायला विसरू नका. ऐकायला वेडगळ वाटतं, पण घाईत नेमकं हेच राहतं. सगळे लोक तीस-चाळीस पावलं मागे. दोन तासांत आई-बाप आत गेले नाहीत, तर पुन्हा वनविभाग.

जिवंत फांदी काढताना तीन काप घ्या. पहिला खालून, बुंध्यापासून हात-दीड हात अंतरावर, जाडीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत. दुसरा वरून, त्याच्या चार-पाच सेंटिमीटर बाहेर. फांदी इथे साल न ओढता सुटते. तिसरा उरलेल्या खुंटाचा, बुंध्याशी जी सुरकुतलेली फुगवटी असते तिच्या जरा बाहेर. फुगवटी कापली तर जखम भरत नाही.

आणि भोकं सिमेंटने बुजवू नका. आत पाखरू असेल तर ते चिणलं जातं, नसेल तर सिमेंट आणि लाकूड यांच्यामधल्या फटीत पाणी मुरून झाड आतून आणखी कुजतं.

कंबर तलावाजवळच्या आमच्या रस्त्यावर झाडांवर शेकडो बगळे आहेत. विष्ठा आणि वासामुळे राहणं मुश्कील झालंय. जुलैत फांद्या तोडून घ्याव्यात असं ठरतंय.
(रहिवासी)

त्रास खरा आहे, बगळ्यांच्या वसाहतीखाली राहणाऱ्याला पक्षिप्रेमाचं प्रवचन देण्यात अर्थ नाही. पण जुलै नको. गायबगळे, ढोकरी, पाणकावळे यांची आपल्याकडे वीण जून ते सप्टेंबर. त्यात फांदी तोडली, की एका फांदीबरोबर दहा-पंधरा घरटी खाली येतात. २०२२ मध्ये केरळात मलप्पुरम जिल्ह्यात महामार्ग रुंद करताना असंच एक झाड पावसाळ्यात पाडलं गेलं. पाणकावळ्यांची पिल्लं रस्त्यावर मेलेली देशभर दिसली आणि गुन्हे दाखल झाले. झाड तोडायची परवानगी होती की नाही हा तिथे प्रश्नच नव्हता.

तोवर उपाय: चालण्याच्या आणि गाड्यांच्या जागेवर अडीच-तीन मीटर उंचीवर शेडनेट ताणून बांधा. ढिली नको, ढिल्या जाळीत पडलेलं पिल्लू गुंततं. विष्ठा वाळू देऊ नका. रोज सकाळी आधी पाणी मारून ओली करा, मग झाडा, तोंडाला मास्क लावा. कोरडी झाडली की तिची धूळ श्वासात जाते. मासळीचे पडलेले तुकडे उचलले की निम्मा वास जातो.

ऑक्टोबरअखेर घरटी रिकामी झाल्याची खात्री करून महापालिकेच्या परवानगीने फक्त रस्त्यावर आणि गच्चीवर आलेल्या फांद्या विरळ करून घ्या, मधला गाभा तसाच ठेवा. पुढच्या जूनमध्ये बगळे येतीलच, पण आतल्या बाजूला बसतील. पूर्ण झाड बोडकं केलं, तर तीच वसाहत पुढच्या गल्लीत जाते आणि हेच पत्र तिकडून येतं.

सांगोल्याकडे डाळिंबाची बाग आहे. मृग बहारासाठी छाटणी आणि पानगळ करताना झाडाझाडांत होल्याची आणि बुलबुलाची घरटी निघतात. काय करावं?
(शेतकरी)

डाळिंबाच्या काटेरी गचपणात घरटं सुरक्षित असतं, म्हणून ती तिथे असतात. छाटणीपेक्षा पानगळीची फवारणी जास्त घातक: इथ्रेल हे पानगळीचं रसायन मारल्यावर चार-सहा दिवसांत झाड उघडं पडतं आणि घरटं मेच्या उन्हात. तेव्हा पाहणी छाटणीच्या दिवशी नाही, फवारणीच्या आधी करा. सकाळी ओळीओळीने एक माणूस फिरवा. घरटं दिसलं की झाडाला चटकन दिसेल अशी लाल किंवा पांढरी चिंधी बांधायची. चिंधी घरट्यापाशी नाही, ओळीच्या तोंडाकडच्या फांदीला बांधा. नाहीतर कावळा चिंध्या वाचायला शिकतो.

चिंधीच्या झाडाशी आल्यावर गन बंद, पुढच्या झाडाला चालू. ब्लोअरने फवारत असाल, तर त्या ठिकाणी ब्लोअर बंद ठेवून शेजारची झाडं हातपंपाने घ्या. होला आणि बुलबुल दोघेही चार आठवड्यांत मोकळे होतात, आणि अंडी जुनी असतील तर त्याहून लवकर. एकरात पाच-सात झाडं महिनाभर मागे राहिली तर त्यांची फळं उशिरा येतील, एवढाच तोटा. तेल्या रोगाची भीती असेल, तर त्या झाडाच्या घरट्यापासून लांबच्या रोगट काड्या कात्रीने काढा आणि कात्री निर्जंतुक करूनच पुढच्या झाडाला लावा. मोठ्या कापांवर बोर्डो पेस्ट (एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी) ब्रशने लावता येते, घरट्यावर शिंतोडे न उडवता. बुलबुल आणि शिंपी बागेतल्या अळ्याही खातात, हे हिशेबात धरायला हरकत नाही.

विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीची पंधरा-वीस घरटी आहेत. बाभळीच्या फांद्या विहिरीत गळतात. घरटी रिकामी आहेत हे कसं ओळखायचं?
(वाचक, मोहोळ तालुका)

नळी पाहा. नर आधी टोपीसारखं अर्धं घरटं विणून मादीला दाखवतो. तिला पसंत पडलं तरच अंड्याची कोठी आणि खाली लांब नळी होते. नळी नसलेलं, अर्धवट घरटं रिकामं. नळी असलेलं घरटं पाऊसकाळात भरलेलं समजा. ऑक्टोबर उलटल्यावर घरटी पूर्ण वाळून तपकिरी झाली आणि दोन सकाळी कुणी आत गेलं नाही, तर फांदी काढा. मुनिया जुनी घरटी वापरतात, म्हणून दोन सकाळी पाहायचंच. विहिरीत पडणाऱ्या पाल्यापुरती जाळी तोंडावर टाकली, तर बाभूळ तोडायचं कारणच राहत नाही.

छाटणीत पिल्लू खाली पडलं. माणसाचा हात लागला की आई घेत नाही म्हणतात, म्हणून तसंच ठेवलं आणि ते मेलं.
(वाचक, शेळगी)

ती समजूत चुकीची आहे. हात लागला म्हणून पाखरं पिल्लू टाकत नाहीत. उघडं, पिसं नसलेलं पिल्लू उचलून घरट्यात ठेवा. घरटंच खाली आलं असेल, तर वेताची किंवा बांबूची छोटी टोपली घ्या, तळाला पाणी निघायला भोकं, आत कोरडं गवत आणि मूळ घरट्याचे तुकडे. ती त्याच झाडावर सावलीत बांधा आणि लांबून दोन तास नजर ठेवा. पिसं फुटलेलं, टुणटुण उड्या मारणारं पिल्लू मात्र पडलेलं नसतं; ते उडायला शिकत असतं. कुत्र्या-मांजराच्या आवाक्यातून काढून जवळच्या झुडपात ठेवलं की झालं.

आई-बाप येत नसतील किंवा जखम असेल, तर भोकं पाडलेल्या खोक्यात सुती कापडावर, अंधारात, गार जागी ठेवून वनविभागाला द्या. चोचीत पाणी सोडू नका, ते फुप्फुसात जातं. दूध, भात, पाव काहीच नको. पाळायला ठेवणं हाही गुन्हाच.

छाटणीच्या ठेक्यात या सगळ्याबद्दल काय लिहून घ्यावं?
(चार पत्रांतला समान प्रश्न)

सगळ्यात आधी पैशाची पद्धत बदला. ‘छाटणी फुकट, लाकूड आमचं’ असा व्यवहार आपल्याकडे सर्रास होतो. ज्याची मजुरी वखारीत वजनावर ठरते तो बारीक, वाळलेली फांदी कशाला काढेल? तो जाड, जिवंत फांदीच काढणार, आणि घरटं दिसलं तरी थांबणार नाही. रोख मजुरी ठरवा आणि लाकूड संस्थेचं ठेवा.

मग चार-पाच ओळींचा कागद. कोणत्या झाडाची कोणती फांदी, हे खडूने खूण करून आणि फोटो काढून ठरवलेलं. खुणेबाहेरची फांदी कापली तर त्याचे पैसे नाहीत. काम सुरू करण्याआधीच्या दोन सकाळच्या पाहणीची तारीख आणि पाहणाऱ्याची सही. मध्येच घरटं निघालं तर चेनसॉ बंद करून खाली यायचं, आणि त्या अडलेल्या वेळेची मजुरी मालकाने द्यायची. हे कलम नसेल तर बाकीचे कागदावरच राहतात; अर्धा दिवस बुडणार असेल, तर वर चढलेला माणूस घरटं पाहूनही न पाहिल्यासारखं करतो. तारांजवळची फांदी असेल तर महावितरणकडून वीज बंद करून घेतल्याशिवाय कुणी चढायचं नाही. डीपीवर कावळ्याचं तारांचं घरटं असेल तर ते काढणं त्यांच्या वायरमनचं काम, तुमच्या छाटणीवाल्याचं नाही. फांद्यांत अडकलेला मांजा दिसेल तिथे कापून खाली आणायचा; त्यात अडकूनही पाखरं मरतात.

आग्या मोहोळ असलेल्या झाडावर चेनसॉ लावायचीच नाही, हेही लिहा. आवाज आणि हादरा दोन्हींनी माश्या उठतात आणि वर दोराला बांधलेल्या माणसाला पळता येत नाही. जाळणं, धुरळा मारणं नको. फुलोरा संपला की बहुतेक वेळा त्या आपणहून जागा सोडतात. थांबता येत नसेल तर मोहोळ हलवण्याचं प्रशिक्षण असलेला माणूस बोलवा, तो हे काम रात्री करतो.

वडा-चिंचेवर वटवाघळं लटकत असतील, तर मार्च ते जून त्या झाडाला हात नको. माद्या पिल्लं पोटाशी धरून असतात, मोठी झालेली पिल्लं रात्री झाडावरच सोडून जातात, आणि दुपारच्या उकाड्यात हुसकावलेली वाघळं उन्हातच मरून पडतात. ठेकेदाराकडे दुसरं झाड असतंच. त्या दिवसाचं काम तिकडे वळवता येईल असं एक वाक्य कागदात टाका.